एकतिसाचे शंभर

सांग्याच्या मामलेदार कचेरीत जिन्याखाली माझं टेबल.
प्लग नाही. होता एक.
मागचे साहेब बदलून गेले त्या आठवड्यात
कुणीतरी त्यावर सिमेंट थापलं.
तेव्हापासून माझा दिवस बॅटरीएवढा:
आधी नऊ ते दीड,
मग नऊ ते साडेबारा,
हल्ली साडेअकरालाच लाल होतो.

कुडचड्याला आग्नेलकडे नेला.
त्याने काळ्या पडद्यावर दोन आकडे काढले.
नवी होती तेव्हा अठ्ठेचाळीस हजार,
आज एकतीस.
सातशे बारा वेळा भरली, सातशे बारा वेळा उपसली.
"पण कोपऱ्यात तर शंभर टक्के दाखवतो रे!"
स्क्रूड्रायव्हर दातांत धरून तो म्हणाला,
"शंबरच तें, बाय. एकतिसाचें शंबर."

परतताना स्कूटरवर तेच घोळत राहिलं.
एकतिसाचे शंभर.
(इथं माझ्या गुडघ्याची आठवण कोणी काढू नये.
मी बॅटरीबद्दल बोलते आहे.)

नवी घालायची तर साडेचार हजार,
आणि ती अस्सल निघेल असं आग्नेल छातीवर हात ठेवून सांगत नाही.
त्याने तळ चाचपून पाहिला, फुगवटा नव्हता.
"फुगली तर त्याच दिसा हाड.
तोवर शंबर करूं नाका. ऐंशी पुरो."

म्हणजे एकतिसातलेही पंचवीसच घ्यायचे
आणि उरलेल्यांना हात लावायचा नाही,
आहे ते टिकावं म्हणून.
मी रात्रभर लावून ठेवायची, ते सोडलं.
मे महिन्यात डिकीत शिजायचा बिचारा,
आता ओल्या टॉवेलच्या डब्याशेजारी नाही, उशीवर नाही,
लाकडी पाटावर बसतो, पाहुण्यासारखा.
अकराला उर्सुलाच्या गाड्यावर जाते,
भाजीपावाच्या वासात वीस मिनिटं लावते,
ती पैसे घेत नाही, बातम्या घेते.

कुष्टा वेळीप आला त्या दिवशी फेस्त होतं, गाडा बंद.
तेरा टक्के.
त्याने पिशवीतून कागद काढला, प्लास्टिकमध्ये तीन घड्यांचा.
कसतो तो चार हजार मीटर,
बापाने कसले, बापाच्या बापाने.
मंजूर अकराशे.
आणि खाली निळ्या शाईत शेरा:
दावा पूर्णतः निकाली.

पूर्णतः.
मी तो शब्द दोनदा वाचला.
आग्नेल माझ्या कानात हसला.

वायफाय बंद केलं, आवाज बंद, उजेड अगदी तळाशी नेला.
जिन्याखाली आडवं ऊन येतं, अक्षरं दिसेनात.
कुष्टाने न सांगता छत्री उघडली
आणि पडद्यावर धरली.
मग सांगू लागला, सावकाश,
पूर्वेला ओहोळ, पश्चिमेला वाकडं किंदळ,
दक्षिणेला मेर, तिथं थोरला भाऊ पुरलेला नाही, जाळलेला,
हे लिहूं नाका, म्हणाला, मग म्हणाला, बरयात.
नऊ टक्के.
टक्क्यांकडे बघत ऐकलं तर ऐकू येत नाही.
मी त्याच्या तोंडाकडे बघून टाइप केलं,
बोटांना चाव्या पाठ आहेत.

त्याला घाई कर असं म्हटलं नाही.
सात.
बॅटरीला ऐंशी पुरे, तिला मी पुरे म्हणायला लावीन,
ती माझी आहे, तिची झीज माझी आहे.
पण हे झिजलं नव्हतं.
हे कुणीतरी टेबलावर बसून कमी मोजलं होतं
आणि उरलं त्याला शंभर म्हटलं होतं.

शेवटची ओळ माझ्या मनाने घातली, त्याला वाचून दाखवली:
मोजणी अमान्य. मूळ माप धरण्यात यावे.
"मूळ," तो म्हणाला, जणू शब्द चाखून.

पेनड्राइव्हवर घेतलं तेव्हा चार उरले होते.
मी झाकण मिटलं.
"मेलें?" त्याने विचारलं.
"ना. न्हिदलां."
तो झेरॉक्सच्या दुकानाकडे निघेपर्यंत
छत्री तशीच धरून उभा होता,
बंद झाकणावर,
आणि माझ्या हातांवरही थोडी.